हेडसेटचा आवाज का बसतो?

या खेपेच्या पत्रांत हेडसेटच हेडसेट. कुणाचा घोगरा, कुणाचा तुटका, कुणाचा एकाच कानात वाजणारा. आवाज कसा बिघडलाय हे सगळ्यांनी फार रंगवून लिहिलंय. कधी बिघडतो हे मात्र मोजक्यांनीच लिहिलंय. मला दुरुस्तीच्या टेबलावर 'कसा'चा फारसा उपयोग होत नाही, 'कधी'चा होतो. बोलायला सुरुवात केली की? मान वळवली की? हार्ड डिस्क लावली की? एवढं कळलं तर निम्मं काम तिथंच होतं, आणि बऱ्याचदा हेडसेटला हातही लावावा लागत नाही. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, फक्त आपल्या कोल्हापुरातला भाग किंवा जवळचं गाव दिलंय.

प्रश्न : मी पुण्यातल्या एका कंपनीचं अकाउंट्सचं काम घरून डेस्कटॉपवर करते. नवा ब्लूटूथ हेडसेट घेतलाय. गाणी एकदम झकास वाजतात. पण ऑफिसची मीटिंग सुरू झाली की त्याच क्षणी सगळे पिंपात तोंड घालून बोलल्यासारखे ऐकू येतात. परवा साहेब 'साठ हजार' म्हणाले आणि मी 'आठ हजार' लिहिलं. दुकानदारानं मोबाईलला जोडून दाखवला, तिथं उत्तम वाजला. तो म्हणतो कॉम्प्युटर खराब. कॉम्प्युटरवाला म्हणतो हेडसेट खराब. बदलून घेऊ का?
— राजारामपुरी

उत्तर : ताई, बदलून घेऊ नका. दुसरा आणलात तरी तोही बहुधा असाच वागेल. हेडसेट चांगला आहे आणि कॉम्प्युटरही चांगला आहे.

ब्लूटूथ हेडसेटकडे आवाज पोचायचे दोन वेगळे मार्ग असतात, आणि एका वेळी त्यातला एकच चालतो. पहिला नुसता ऐकण्याचा. त्याचं तांत्रिक नाव ए-टू-डी-पी. यात स्टिरिओ आवाज, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने (म्हणजे सेकंदात आवाज तितक्या वेळा मोजला जातो), आणि आवाज आवळून पाठवायच्या नेहमीच्या एसबीसी पद्धतीत सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत माहिती जाते. गाणी झकास वाजतात ती याच्यावर. पण या मार्गावर माईकला जागाच ठेवलेली नाही. दुसरा मार्ग हँड्स-फ्रीचा. गाडी चालवताना फोनवर बोलता यावं म्हणून तो बांधला गेला. त्यात आवाज दोन्ही बाजूंनी जातो, पण मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज), सेकंदाला ८,००० नमुने आणि ६४ किलोबिट. नमुने ८,००० असले की ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच शिल्लक राहत नाही. आणि आपल्या 'स' ची सळसळ असते ती मुख्यतः त्याच्या वरच. तुमच्या साहेबांच्या 'साठ' मधला 'स' तिथं गळाला आणि तुमच्यापर्यंत 'आठ' पोचले.

मीटिंगचं ॲप हेडसेटचा माईक उघडतं, त्या क्षणी विंडोज पहिला मार्ग सोडून दुसऱ्यावर जातं. मीटिंग संपली, माईक सुटला, की परत पहिल्यावर. म्हणून तुम्हाला 'त्याच क्षणी' असं जाणवतं. हा एक शब्द तुम्ही लिहिलात म्हणून बाकी काही विचारायची गरज पडली नाही.

दुकानदाराचं म्हणाल तर त्यानं मोबाईलवर गाणं लावून दाखवलं असणार. फोन लावून दाखवला असता तर तिथंही आवाज असाच आकसला असता, फक्त फोनवर आपण गाण्याची अपेक्षा ठेवत नाही म्हणून ते खटकत नाही. खात्री करायची असेल तर घरीच करा. डेस्कटॉपवर गाणं लावा, मग विंडोजचा साउंड रेकॉर्डर उघडून हेडसेटच्या माईकवर रेकॉर्डिंग सुरू करा. गाणं तिथल्या तिथं बसेल. रेकॉर्डिंग थांबवून ॲप बंद करा, थोड्या वेळात ते उठेल. असं झालं तर निदान पक्कं.

२०११ मध्ये हँड्स-फ्रीच्या नियमांत सुधारणा होऊन १६,००० नमुन्यांची सोय आली. हेडसेट आणि कॉम्प्युटरचं ब्लूटूथ या दोघांकडेही ती असेल तर बोलणं बरंच स्वच्छ येतं, 'साठ' 'साठ'च ऐकू येतात. पण तेही मोनोच. गाण्याचा दर्जा त्यातून मिळत नाही. तुमच्याकडे पिंपाचा आवाज येतोय म्हणजे दोघांपैकी एकजण जुन्या ८,००० वरच अडलाय. मदरबोर्ड किंवा ब्लूटूथ कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ब्लूटूथचा ड्रायव्हर एकदा ताजा करून बघा, कधीकधी तेवढ्यावर सुटतं.

पण खरा उपाय सांगू का? कानाला हेडसेट ठेवा आणि तोंडाला दुसरा माईक द्या. लॅपटॉपवाल्यांना हे सोपं जातं, त्यांच्या पडद्याच्या चौकटीतच माईक असतो. डेस्कटॉपला तो नसतो, म्हणून बिचारा हेडसेटच्या माईकवर अडून बसतो. तुमच्याकडे वेबकॅम असेल तर बहुतेक त्यातच माईक आहे. नसेल तर लक्ष्मीपुरीत काही शे रुपयांत यूएसबीचा साधा माईक मिळतो. कॉलर माईक घेणार असाल तर त्याची पिन आधी नीट बघा. पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर तो मोबाईलसाठीचा आहे. डेस्कटॉपच्या गुलाबी भोकात दोन रेघांचा लागतो, नाहीतर मधे एक जोडतुकडा घ्यावा लागतो. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

माईक जोडल्यावर मीटिंगच्या ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जा. मायक्रोफोनच्या जागी नवा माईक निवडा, स्पीकरच्या जागी हेडसेट. विंडोज १० असेल तर हेडसेटची दोन नावं दिसतील, एकापुढे 'स्टिरिओ' आणि दुसऱ्यापुढे 'हँड्स-फ्री'. स्टिरिओ असलेलं घ्या. लोक नेमकं दुसरं निवडतात, कारण 'हेडसेट' हा शब्द तिथं असतो आणि स्टिरिओपुढे 'हेडफोन्स' लिहिलेलं असतं. विंडोज ११ मध्ये एकच नाव दिसतं आणि कुठला मार्ग घ्यायचा हे विंडोज स्वतः ठरवतं. (विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवलाय, ऑफिसचे आकडे त्यावर असतील तर तेही मनावर घ्या.)

एवढं करूनही विंडोज हट्टानं हँड्स-फ्रीवर जात असेल तर ती वाटच बंद करायची. कंट्रोल पॅनेलमध्ये डिव्हायसेस अँड प्रिंटर्स उघडा, हेडसेटवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग सर्व्हिसेस. तिथं 'हँड्स-फ्री टेलिफोनी' समोरची खूण काढा. विंडोज ११ मध्ये या पानापर्यंत जायला ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये खाली 'मोअर डिव्हायसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज' असं असतं. खूण काढल्यावर हेडसेटचा माईक त्या कॉम्प्युटरपुरता नाहीसा होईल. ते अपेक्षितच आहे, घाबरून मला फोन करू नका.

अजून एक. मीटिंग संपली तरी आवाज बसलेलाच राहतो असं कधी झालं तर कुठलं तरी ॲप माईक धरून बसलंय असं समजा. बहुधा ब्राउझरचा एखादा टॅब असतो. विंडोज ११ मध्ये खाली उजवीकडे घड्याळाजवळ माईकचं छोटं चित्र दिसतं, त्यावर माऊस नेला की कुणी धरलाय ते नाव येतं. आणि आवाज घोगरा न होता नुसता बारीक होत असेल तर ती भानगड वेगळी आहे. जुन्या साउंड पॅनेलमध्ये 'कम्युनिकेशन्स' नावाचं पान आहे. कॉल आला की इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, असं तिथं मुळातच लावलेलं असतं. 'डू नथिंग' निवडा.

प्रश्न : उद्यमनगरात माझं छोटं मशिन शॉप आहे. ऑफिसातल्या डेस्कटॉपवरून गिऱ्हाइकांशी व्हिडिओ कॉल असतात. ब्लूटूथ हेडसेट लावला की आवाज चर्र चर्र करत तुटतो. मान उजवीकडे वळवली की जास्तच. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तर बोलणंच होत नाही, आणि परदेशातले कॉल नेमके तेव्हाच येतात. शेजारी वेल्डिंग चालतं, त्याचा परिणाम असेल का? सीपीयू लोखंडी टेबलाखाली ठेवलाय.
— उद्यमनगर

उत्तर : दादा, वेल्डिंगवर संशय घेण्याआधी सहा वाजता तुमच्या ऑफिसात आणखी काय होतं ते आठवा. मला वाटतं दिवसभराची ड्रॉइंग्ज आणि बिलं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायची ती वेळ. तसं असेल तर चोर सापडला.

ब्लूटूथ, वाय-फाय आणि बिनवायरचा माऊस हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात काम करतात. यूएसबी ३ च्या सॉकेटमधून आणि केबलमधून वेगानं माहिती जात असताना नेमका याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. ही ऐकीव गोष्ट नाही, इंटेलनं २०१२ मध्ये यावर स्वतःच तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. हार्ड डिस्क चालू असते तोवर गोंगाट, ती थांबली की शांत. तुमचं ब्लूटूथ जर यूएसबीच्या छोट्या डोंगलचं असेल आणि तो डोंगल मागच्या बाजूला यूएसबी ३ च्या निळ्या सॉकेटांच्या शेजारी बसवला असेल, तर त्याचा कान अगदी गोंगाटाच्या तोंडाशी लावलाय तुम्ही.

उपाय स्वस्त आहे. साधारण मीटरभर लांबीची यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल घ्या, यूएसबी २ च्या काळ्या सॉकेटात लावा, आणि डोंगल टेबलावर आणून मॉनिटरच्या पायाला चिकटपट्टीनं चिकटवा. दिसायला चांगलं दिसत नाही, पण चालतं. बॅकअपही सहाऐवजी जेवणाच्या सुट्टीत उरकला तर अजून बरं.

डोंगल नसेल आणि मदरबोर्डवरचंच ब्लूटूथ असेल, तर सीपीयू ओढून मागची बाजू बघा. पिवळ्या धातूचे आटे असलेली दोन छोटी टोकं दिसतात का? ती अँटेनाची. माझ्याकडे येणाऱ्या डेस्कटॉपांत ही टोकं उघडीच असतात आणि अँटेना मदरबोर्डच्या खोक्यात, माळ्यावर. जोडणारा म्हणतो नेट तर केबलनं येतंय, अँटेना कशाला? पण वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही त्याच टोकांतून बोलतात. अँटेनाशिवायही हातभर अंतरावर जोडणी होते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पुढे लोखंडी टेबल, पत्र्याची पेटी, मागं भिंत, आणि वर तुमचं डोकं. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी चांगलीच शोषून घेतं. हेडसेटचा रिसीव्हर बहुधा एकाच बाजूच्या कपात असतो. मान उजवीकडे वळवलीत की डोकं मधे येतं. अँटेना लावा, आणि वायरवाली असेल तर तिचं बूड टेबलाच्या वर आणून ठेवा.

तिसरी गोष्ट राऊटर. ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ बारीक कप्पे करून सेकंदाला १,६०० वेळा एकातून दुसऱ्यात उड्या मारतं, आणि २००३ पासूनच्या आवृत्त्यांत गजबजलेले कप्पे टाळायची अक्कलही त्याला आहे. पण आजूबाजूच्या प्रत्येक गाळ्यात राऊटर असेल तर त्यानं टाळून जायचं कुठं? कॉम्प्युटरचं नेट लॅन केबलनं घ्या, नाहीतर वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. राऊटरवर २.४ चा पट्टा चालूच ठेवायचा असेल तर त्याची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करा. निम्मी जागा मोकळी होईल.

राहिलं वेल्डिंग. साप्ताहिक सुट्टीला शेजारचं शटर बंद असताना येऊन ऐका. तेव्हाही चर्र आवाज येत असेल तर शेजाऱ्याशी भांडण नको. अर्थिंग मात्र एकदा वायरमनकडून तपासून घ्या, ते हेडसेटसाठी नव्हे तर मशिनांसाठी.

प्रश्न : मी मंगळवार पेठेत गायन शिकवते. अमेरिकेतल्या दोन मुली डेस्कटॉपवरून ऑनलाइन शिकतात. सोयीचं म्हणून वायरलेस हेडसेट घेतला. मुली म्हणतात की तानपुरा सुरुवातीला ऐकू येतो आणि मग विरतो. मी लांब 'सा' लावला की तोही मधेच तुटतो. माझ्या खोलीत तर सगळं व्यवस्थित ऐकू येतंय. हेडसेट अजून महागातला घ्यावा का?
— मंगळवार पेठ

उत्तर : बाई, गाण्याच्या शिकवणीला ब्लूटूथ नकोच. महागातलंही नको.

पहिलं कारण वर राजारामपुरीच्या ताईंना सांगितलंय. हेडसेटचा माईक उघडला की आवाजाची वरची बाजू कापली जाते. बोलण्यात एखादा 'स' गळतो, गाण्यात जवारी गळते. तानपुऱ्याचं तेज त्या वरच्या स्वरांशांत असतं, ते गेलं की उरतो नुसता 'हूं'.

पण तुमच्या तानपुऱ्याचं विरणं हा वेगळाच प्रकार आहे. मीटिंगची ॲपं पंख्याचा, मिक्सरचा, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आपणहून दाबतात. दाबायचं काय, हे ओळखायची त्यांची एक मुख्य खूण म्हणजे आवाज एकसारखा आणि न थांबता येतोय का. आता तुम्हीच सांगा, तानपुरा आणखी काय करतो? ॲप काही सेकंद ऐकतं, हा पंखा आहे असं ठरवतं आणि पुसून टाकतं. तुमचा न हलणारा 'सा' जितका सुरेल, तितका त्याला पंख्यासारखा वाटतो. बेसूर लावलात तर कदाचित टिकेल! १८८३ पासून देवल क्लबसारखी गायनसंस्था असलेल्या, अल्लादिया खाँसाहेब दरबारात गायले त्या गावातून तानपुऱ्याविना गाणं परदेशात जावं, हे मला तरी सहन होत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

झूम वापरत असाल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे. ते चालू करा. त्यानं दाबादाबी थांबते. त्याच्या खाली 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड' आहे, नेट चांगलं असेल तर तोही लावा. सेटिंगमध्ये चालू केलं तरी वर्ग सुरू झाल्यावर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातलं त्याच नावाचं बटण बघून घ्या, तिथं ते बंद असेल तर सेटिंगला काही अर्थ राहत नाही. दुसरं ॲप असेल तर 'नॉइज सप्रेशन' किंवा 'नॉइज कॅन्सलेशन' शोधून बंद करा. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माईकचं पान उघडून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा, कारण काही मदरबोर्डांचा ड्रायव्हर तिथं आपली वेगळी दाबादाबी करत असतो. एक बंद केलं आणि दुसरं राहिलं तर तुम्हाला वाटेल काहीच फरक पडला नाही.

वस्तू कुठल्या घ्यायच्या? यूएसबीचा कंडेन्सर माईक, तोंडापासून वीतभर-दीड वीत लांब आणि किंचित बाजूला. समोर धरलात तर 'प', 'फ' चे धक्के बसतात. कानाला साधे वायरचे हेडफोन, सीपीयूच्या हिरव्या भोकात. स्पीकर लावू नका. स्पीकरमधून मुलीचा आवाज परत माईकमध्ये शिरला की ॲप तो कापायला धावतं, आणि त्या नादात तुमचाही कापतं.

वायर कशासाठी म्हणता, तर वेळेसाठी. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला साधारण ०.१५ ते ०.२५ सेकंद लागतात. मध्यलयीत मात्रा अर्ध्या-पाऊण सेकंदाची धरली तर पाव ते अर्धी मात्रा तिथंच गेली. वर अमेरिकेपर्यंतच्या नेटचा उशीर वेगळा. वायरनं तुमच्या हातातला उशीर जातो, नेटचा जात नाही. म्हणून बरोबर गायचा हट्ट धरू नका. तुम्ही म्हणा, थांबा, मग मुलगी म्हणेल. आणि तानपुरा तुमच्याकडचा पाठवण्यापेक्षा मुलीनं तिच्या खोलीत, तिच्या पट्टीत स्वतः लावावा. तुमच्या तानपुऱ्याशी ती कितीही सुरात गायली तरी तुम्हाला ती उशिरानंच ऐकू येणार. तिच्या तानपुऱ्याशी ती गायली तर दोन्ही आवाज एकत्रच तुमच्याकडे येतात, आणि सूर लागला की नाही ते तुम्हाला लगेच कळतं. मात्र मग ओरिजिनल साउंड तिच्या बाजूलाही चालू हवं, नाहीतर तिचा तानपुरा पुसला जाईल.

प्रश्न : माझ्या पीसीला जुनं ब्लूटूथ आहे. ऑनलाइन ५.३ आणि ५.४ चे डोंगल दिसतात. ते लावल्यावर गेम खेळताना मित्रांशी बोललं तरी स्टिरिओ आवाज राहील का?
— कसबा बावडा

उत्तर : नुसत्या आकड्यानं नाही राहणार, भावा. तू म्हणतोस ती गोष्ट एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीत शक्य आहे. तिचा पाया जानेवारी २०२० च्या ब्लूटूथ ५.२ मध्ये घातला गेला आणि तिचा एलसी३ हा कोडेक (आवाज आवळून पाठवायची पद्धत) कमी बिटांत जुन्या एसबीसीपेक्षा चांगला आवाज देतो. पण ५.२ किंवा पुढचा आकडा असला म्हणजे एलई ऑडिओ असलंच पाहिजे असं बंधन कुणावर नाही. खोक्यावर ५.४ छापलेले बहुतेक स्वस्त डोंगल आतून जुन्याच दोन मार्गांनी चालतात. हेडसेट, पीसीचं ब्लूटूथ, त्याचा ड्रायव्हर आणि विंडोज ११, असे चौघंही तयार हवेत. विंडोज १० ला हे नाहीच. ब्लूटूथच्या डिव्हायसेस पानावर 'यूज एलई ऑडिओ व्हेन अव्हेलेबल' असा खटका दिसला तर तुझं ब्लूटूथ त्यात बसतं, नाही दिसला तर बसत नाही. माईक चालू असतानाही स्टिरिओ टिकवायची सोय मायक्रोसॉफ्टनं २०२५ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत आणली, तीही एलई ऑडिओच्या हेडसेटलाच.

गेमसाठीच पैसे घालणार असशील तर ज्याच्याबरोबर स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झ डोंगल येतो असा गेमिंग हेडसेट बघ. तो ब्लूटूथ नसतो, त्याची भाषा कंपनीची स्वतःची. माईक उघडला तरी आवाज बसत नाही आणि उशीरही फार कमी. डोंगल हरवला तर मात्र हेडसेटचा बिनवायरपणा संपला. आणि हो, उद्यमनगरच्या दादांना सांगितलेली यूएसबी ३ ची भानगड या डोंगललाही लागू आहे.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. डेस्कटॉपवर जुनी नाट्यपदं ऐकतो. कानात घालायच्या वायरलेस गुंड्यांपैकी डावीचा आवाज हळूहळू कमी झाला.
— शिवाजी पेठ

उत्तर : काका, 'हळूहळू' लिहिलंत ते बरं केलंत. अचानक गेला असता तर सेटिंग बघायला सांगितलं असतं. हळूहळू म्हणजे बहुधा कानातला मळ. गुंडीच्या तोंडाशी बारीक जाळी असते ती बुजलीय. रबर काढा, जाळी जमिनीकडे करा आणि कोरड्या, मऊ टूथब्रशनं हलकेच झाडा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. पाणी नको, सुई तर अजिबात नको, जाळी फाटली की गुंडी गेली. दोन्ही गुंड्या मोबाईलला जोडून बघा. तिथं सारख्या वाजल्या तर दोष कॉम्प्युटरच्या डाव्या-उजव्या बॅलन्सचा, आणि तो हेडसेटच्या साउंड प्रॉपर्टीजमध्ये सरळ करता येतो.

प्रश्न : शाळेच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी उबुंटू आहे. हेडसेट जोडला की कधी चांगला वाजतो, कधी घोगरा.
— कागल

उत्तर : सर, तेच दोन मार्ग, फक्त इथं निवड तुमच्या हातात आहे. सेटिंग्जमध्ये साउंड उघडा, आउटपुटला हेडसेट निवडा आणि खाली 'कॉन्फिगरेशन' मध्ये ए-टू-डी-पी ठेवा. एचएसपी किंवा एचएफपी, म्हणजे तो बोलण्याचा दुसरा मार्ग, दिसला की घोगरा. तिथं पर्याय दिसत नसतील तर 'पावूकंट्रोल' नावाचं छोटं ॲप बसवून घ्या.

प्रश्न : कॉम्प्युटरवर लेक्चर ऐकताना मधेच आवाज गप्प होतो आणि दोन-तीन सेकंदांनी परत येतो. ठरावीक वेळ अशी काही नाही.
— शाहूपुरी

उत्तर : वेळ ठरावीक नाही, पण कारण ठरावीक असणार. तुमचा हेडसेट कॉम्प्युटर आणि मोबाईल दोघांनाही एकदम जोडलेला आहे. मोबाईलवर मेसेज टिंग करून वाजला की हेडसेट तिकडे वळतो, बघून परत येतो. हेडसेटच्या ॲपमध्ये दोन उपकरणांची जोडणी बंद करता येते. नाहीतर लेक्चर चालू असेपर्यंत मोबाईलचं ब्लूटूथ बंद ठेवा. पेठेच्या फुटबॉल ग्रुपवर असाल तर मॅचच्या दिवशी नक्की.